शब्दचर्चा : ‘विकास’, ‘ना-विकास’ आणि रिकामी जागा

पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. त्यातली भाषणं आणि पत्रकं वाचताना एक गोष्ट खटकली. रस्ता हवा म्हणणारे ‘विकास’ म्हणतात, टेकडी राखा म्हणणारे ‘शाश्वत विकास’ म्हणतात आणि या दुसऱ्यांना पहिले ‘विकासविरोधी’ म्हणतात. दोघांच्या तोंडचा शब्द एकच आहे का?

दुसरं, ‘ना-विकास क्षेत्र’ ही संज्ञा, म्हणजे नगररचनेच्या योजनेत जिथे बांधकाम सहसा करू देत नाहीत ती जमीन. ‘नापीक’, ‘नालायक’, ‘नापसंत’ यांतला ‘ना’ काहीतरी उणं असल्याचं सांगतो. मग पिकाऊ जमिनीला, जिच्यात ऊस उभा आहे तिला, हा ‘ना’ का लावायचा? जाणकारांनी सांगावं.

*

तुमचा पहिला प्रश्न मोलाचा आहे. ‘विकास’ संस्कृतात ‘वि’ आणि ‘कस्’ यांपासून येतो. अर्थ उमलणं, फुलणं. कमळ विकसतं, बुद्धी विकसते. आतलं काही बाहेर येतं, असा त्या शब्दाचा भाव आहे, म्हणून तो कानाला चांगलाच लागतो.

कायद्यातला ‘विकास’ मात्र निराळा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २ मध्ये त्याची व्याख्या आहे. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम. इमारतीत किंवा जमिनीच्या वापरात केलेला लक्षणीय बदल. हे सगळं म्हणजे विकास. आणि त्यात असलेली इमारत पाडणंही येतं! वाडा पाडला तरी कायद्याच्या भाषेत तो विकास. चांगलं झालं की वाईट, याबद्दल ही व्याख्या चकार शब्द काढत नाही. कोणती कृती परवानगीवाचून करता येणार नाही, एवढंच तिच्यावरून ठरतं.

गोंधळ इथेच होतो. परवानगीच्या अर्जात ‘विकास’ म्हणजे ‘बदल’. तोच शब्द सभेत आला की ‘उमलणं’. अर्ज नाकारा म्हणणारा माणूस एका बदलाला हरकत घेत असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की तो फुलण्याच्याच विरोधात उभा आहे. ‘विकासविरोधी’ हा शिक्का या दोन अर्थांच्या फटीतून जन्माला येतो, असं माझं ठाम मत आहे.

आता ‘ना-विकास’चा उलगडा होईल. तिथे ‘विकास’ म्हणजे बांधकामासारखा बदल, आणि तो इथे सहसा करू द्यायचा नाही, एवढंच. अर्थ बरोबर आहे, शब्द मात्र वाईट निवडला आहे.

आणखी एक बारकावा. मुंबईच्या १९९१ च्या नियमांचं नाव ‘विकास नियंत्रण नियमावली’ होतं. २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी जी एकत्रित नियमावली आली, तिच्या नावात ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन’ आहे. ज्या गोष्टीला आवर घालायचा, तिलाच उत्तेजन द्यायचं, हे एका नावात बसवलं. ‘विकास’चा दुसरा, गोड अर्थ नियमांच्या मथळ्यात शिरल्याची ही खूण मला वाटते.

*

वरचं विवेचन पटलं, पण त्या शब्दात माणसांनी जी आशा भरली आहे ती नुसता गोंधळ म्हणून बाजूला ठेवू नये. गुंठेवारीतल्या वस्तीत पाण्याची लाइन आली, ड्रेनेज आलं की बायका ‘आता विकास झाला’ म्हणतात, आणि खरं बोलतात. (गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. एवढ्याशा तुकड्यांत, मंजूर रेखांकनाशिवाय (प्लॉट-रस्त्यांच्या आराखड्याशिवाय) जमीन विकली गेली म्हणून ‘गुंठेवारी’. २००१ मध्ये अशा बांधकामांना नियमित करण्यासाठी राज्याने वेगळा कायदाच केला.)

*

माझी भर ‘मोकळी’ आणि ‘रिकामी’ या जोडीबद्दल. श्वास मोकळा असतो, मन मोकळं होतं, केस मोकळे सोडतात. भांडं रिकामं असतं, खिसा रिकामा असतो, काही काम नसलेला माणूस रिकामटेकडा. म्हणजे ‘रिकामं’ म्हटलं की काहीतरी भरायचं राहिलं आहे. ‘मोकळं’ तसंच पुरं असतं.

एकाच मैदानाला एक जण ‘मोकळी जागा’ म्हणतो, दुसरा ‘रिकामा प्लॉट’. दुसऱ्याने वाद अर्धा तिथेच जिंकलेला असतो.

‘ओढा’ आणि ‘नाला’ यांचंही तेच. नाला म्हटलं की सांडपाणी डोळ्यांपुढे येतं आणि तो पाइपात घालणं कुणाला वावगं वाटत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा तो ओढाच असल्याचं साऱ्या पुण्याला कळलं. जुनं नाव टिकून होतं हे किती बरं.

*

‘आरक्षण पडलं’ या प्रयोगाकडेही बघा. हे आरक्षण जमिनीचं, म्हणजे नगररचनेच्या योजनेत एखादी जागा सार्वजनिक कामासाठी ठरवून ठेवणं. दुष्काळ पडतो, धाड पडते, दरोडा पडतो, तसं शेतकऱ्याच्या जमिनीवर आरक्षण पडतं. ज्यांना तिथे शाळा किंवा बाग हवी ते म्हणतात, जागा ‘राखून ठेवली’. कागदावर दोन्ही एकच. पण दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण ‘व्यपगत’ होतं, म्हणजे संपतं. लोक म्हणतात, ‘उठलं’. पडलेलं संकट उठावं तसंच.

*

सगळ्यांचे आभार. ‘ना-विकास’ला ‘बांधकाममुक्त क्षेत्र’ सुचवणार होते, पण त्यातही जमिनीची ओळख बांधकामावरूनच होते. बऱ्याच योजनांमध्ये त्याच पट्ट्याला ‘शेती विभाग’ असंही म्हटलेलं असतं. जिथे खरोखर शेती आहे तिथे यापुढे मी हाच शब्द वापरणार. डोंगरउतार आणि गवताळ माळ यांना मात्र तो चालत नाही, आणि पुण्याच्या योजनेत टेकड्यांसाठी आलेला शब्द ‘जैवविविधता उद्यान’ म्हटलं की हिरवळ आणि बाकं आठवतात. नुसतं ‘टेकडी’ लिहून भागेल का?