वेळ पाळा, पण मिनिटं मोजू नका

'कुत्र्याला कसलं आलंय वेळापत्रक, भूक लागली की खाईल' हे मत मला अर्धंच पटलं. आमची लॅब्रॅडॉर पातेलं वाजलं की उपाशीच असते! तिच्या भुकेवर सोडलं तर पिंप होईल. मोठ्या कुत्र्याला दिवसातून 2 वेळा, लहान पिल्लाला 3-4 वेळा ठरलेल्या वेळी द्यावं. खाल्ल्यावर पिल्लाला लगेच बाहेर न्यायचं, फरशी वाचते. मोठ्याला मात्र जेवल्याजेवल्या पळवू नका. खोल छातीच्या, म्हणजे अरुंद पण खालपर्यंत उतरलेली छाती असलेल्या जातींत पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो.

फिरायची वेळ आम्ही ऋतूप्रमाणे सरकवतो. मे महिन्यात सकाळी 7 च्या आत, संध्याकाळी डांबर निवल्यावर. तळहात रस्त्यावर टेकवून बघायचा. रविवारी आम्ही उशिरा उठतो, ती नाही. साडेसहाला पट्टा तोंडात धरून हजर.