मदत हवी आहे: बोटांची लांबी मोजून बॅचमधून काढलं, सोमवारच्या आत उत्तर हवं

नीलांबरी_न
सोमवारी सरांना भेटायचंय, त्याआधी कुणीतरी नीट सांगा. अकादमीत सगळ्यांची बोटं मोजली. आमचं १.०३ आलं. म्हणे हार्मोन कमी आहे, स्प्रिंटमध्ये काही होणार नाही, योगासनं बघा. असं असतं का खरंच? टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी साध्या लॅबमध्ये होते का, आणि उपाशीपोटी जावं लागतं का? कृपया भविष्य, खडे वगैरे नको.

सिन्नरकर
मुलगा की मुलगी? वय काय? कोणता हात? १.०३ म्हणजे कशाला कशाने भागलं? मोजलं कशाने? सगळं पोटात ठेवून प्रश्न विचारलात तर आम्ही काय कपाळ सांगणार.

गुरुपर्वत
खडे सांगत नाही, घाबरू नका. तर्जनी गुरूची, अनामिका रवीची. रवीचं बोट लांब असेल तर कीर्ती, धाडस, स्पर्धेत यश. हे आपल्या हस्तसामुद्रिकात आधीपासून आहे, पाश्चात्त्यांना आत्ता जाग आली. दोन्ही तळव्यांचे फोटो टाका, अंगठ्यासकट.

प्रयोगवही
गुरुपर्वत, बोटं तीच असली तरी गोष्ट वेगळी आहे. बायकांच्या आणि पुरुषांच्या बोटांत सरासरीने फरक असतो हे जर्मन शरीररचनातज्ज्ञ एकर यांनी १८७५ सालीच नोंदवलं होतं. हार्मोनशी त्याची सांगड घातली ती मुख्यतः लिव्हरपूलच्या जॉन मॅनिंग यांनी, १९९८ च्या निबंधापासून. तर्जनीची लांबी भागिले अनामिकेची लांबी, हे ते प्रमाण. पुरुषांत ते सरासरीने थोडं कमी, म्हणजे अनामिका तुलनेने लांब. कल्पना अशी की गर्भात पहिल्या तिमाहीच्या शेवटाकडे टेस्टोस्टेरॉन जास्त मिळालं तर अनामिका जास्त वाढते. २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाला. चौथ्या बोटात अँड्रोजेनचे (टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनचे) रिसेप्टर, म्हणजे त्यांचा संदेश घेणारे रेणू, जास्त होते आणि ते बंद केल्यावर ते बोट आखूड राहिलं. म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही. पण त्यावरून एका मुलाला बॅचमधून काढणं ही कमाल आहे.

भाव_पडला
हवेतली कशी असेल? २००९ मध्ये लंडनच्या ४४ ट्रेडरचे उजवे हात तपासले होते. ज्यांचं प्रमाण कमी त्यांनी जास्त कमावलं. माझी अनामिका चांगली लांब आहे आणि मी शेअर बाजारात इंट्राडेच करतो.

सिन्नरकर
आणि नाव भाव_पडला ठेवलंय.

नीलांबरी_न
मुलगी आहे. नुकतीच तेरा पूर्ण झाली. मला वाटलं लिहिलंय. हात बहुतेक उजवा. तळवा झेरॉक्स मशीनवर ठेवून कॉपी काढली आणि सरांनी पट्टीने मोजून वहीत आकडा लिहिला. भागाकार सरांचाच, मला विचारू नका. रक्ततपासणीचं कुणीच बोलत नाहीये.

सुलूमावशी
पाळी सुरू झाली का गं तिची? माझ्या भाचीला असंच हार्मोनचं निघालं, पीसीओडी. रोज एक चमचा भाजलेली जवसाची पूड दे आणि मैदा पूर्ण बंद कर. सहा महिन्यांत फरक पडला.

प्रयोगवही
सुलूमावशी, इथे पीसीओडीचा विषयच नाही. तेराव्या वर्षी पाळी अनियमित असणं सर्रास असतं, त्यावरून घरी निदान करू नये.

नीलांबरीताई, या कारणासाठी रक्त काढू नका. बोटांचा संबंध असलाच तर गर्भातल्या हार्मोनशी, आज रक्तात किती आहे त्याच्याशी नाही. मोठ्या माणसांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये पाहिलं गेलं तेव्हा बोटांचं प्रमाण आणि रक्तातली पातळी यांचा संबंध दिसला नाही. शिवाय या वयात मुलीची पातळी बदलतीच असते. तो आकडा घेऊन तुम्ही आणखी दहा धागे काढाल.

आता मोजमाप. तळव्याच्या बाजूने, बोटाच्या मुळाशी असलेल्या सुरकुतीच्या मधोमधपासून टोकापर्यंत मोजतात. नख धरायचं नाही. मुळाशी दोन सुरकुत्या असतील तर तळव्याकडची धरतात. पट्टी नाही, व्हर्निअर कॅलिपर लागतो, आणि प्रत्येक बोट दोनदा मोजतात. झेरॉक्समध्ये हात काचेवर दाबला जातो, बोटांची टोकं पसरतात, त्यामुळे थेट मोजण्यापेक्षा प्रमाण वेगळं येतं. आणि मुख्य गंमत म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरच्या बोटात पट्टी १ मिलिमीटर चुकली तर प्रमाण ०.०१५ ने हलतं. स्त्री-पुरुषांच्या सरासरीत जो फरक आहे तोही साधारण तेवढाच! सरांची पट्टी जरा सरकली की मुलीचा मुलगा होतो.

कबड्डीप्रेमी_सांगली
आमच्या काळी सर मांडीवर थाप मारून निवड करायचे. झेरॉक्स नव्हतं तेच बरं होतं.

सिन्नरकर
ताई, साधा प्रश्न. तिचा उजवा हात समोर धरा. अनामिका लांब दिसते की तर्जनी?

नीलांबरी_न
अनामिका. चांगली लांब आहे, मोजायचीही गरज नाही.

सिन्नरकर
मग १.०३ आलं कुठून? तर्जनी छोटी असेल तर तर्जनी भागिले अनामिका हे एकापेक्षा कमीच येणार, झेरॉक्स काढा नाही तर फोटो काढा. सरांनी उलटं भागलंय. समजा ६४ आणि ६६. ६६ भागिले ६४ बरोबर १.०३. सुलट भागलं तर ०.९७. म्हणजे त्यांच्याच हिशोबाने तुमची मुलगी आत यायला हवी होती!

भाव_पडला
हाहाहा. गेम ओव्हर. वही घेऊन जा आणि त्यांच्याच समोर कॅल्क्युलेटर काढा.

प्रयोगवही
हे मला पटत नाही. उलट्या भागाकाराने काढलं म्हणून सुलट भागाकाराने आत घ्या असं म्हटलं तर ही पद्धत बरोबर आहे हे आपणच मान्य केलं. मग जिचं सुलट भागाकाराने १.०१ आलंय ती पोरगी घरी बसणार. तिचं काय?

भाव_पडला
तिच्या आईने वेगळा धागा काढावा. इथे सोमवारची भेट आहे, समाजसुधारणा नंतर.

सिन्नरकर
यावेळी भावाशी सहमत. आधी पोरगी आत जाऊ दे. दुसऱ्या मुलींचं नंतर पालकसभेत बोलता येईल, आत असलेल्या मुलीच्या आईचं ऐकतात तरी.

प्रयोगवही
आत गेल्यावर कोण बोलतं? असो. खेळ आणि बोटं यांचा संबंध काही अभ्यासांत सापडलाय, नाकारत नाही. पण जास्त करून लांब पल्ल्याच्या धावण्यात आणि तोही गटागटाच्या सरासरीत. सर तर स्प्रिंटसाठी वापरतायत. आणखी एक सांगतो. काही व्यक्तींच्या शरीराला जन्मापासूनच टेस्टोस्टेरॉनचा संदेश घेता येत नाही, रिसेप्टर काम करत नाही. बोटं म्हणजे गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनची पावती असती तर या सगळ्यांची बोटं जवळपास एकसारखी निघायला हवी होती. २००९ मध्ये मोजली तेव्हा सरासरी स्त्रियांसारखी आली, पण आपापसातला फरक इतरांइतकाच निघाला. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम शून्य असूनही बोटं इतकी वेगवेगळी, मग एकीच्या बोटांवरून काय कळणार?

कबड्डीप्रेमी_सांगली
हार्मोनवरून धावपटू दुती चंदची आठवण झाली. तिलाही असंच काढलं होतं २०१४ मध्ये. शेवटी क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये परत धावली. ताई, तुम्हीही लढा!

सिन्नरकर
दुतीचं प्रकरण रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचं होतं आणि तेही "जास्त आहे" म्हणून. इथे "कमी आहे" म्हणतायत, तेही पट्टीने. तेरा वर्षांच्या मुलीला स्वित्झर्लंडच्या लवादात कशाला पाठवता? आमच्या नाशिकच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य घेतलं. तिची निवड धावताना बघून झाली असणार, झेरॉक्सच्या दुकानात नव्हे.

गुरुपर्वत
अनामिका लांब आहे हे मी न बघता आधीच सांगितलं होतं. कीर्ती योग आहे. फोटो अजून आले नाहीत.

सिन्नरकर
तुम्ही "असेल तर" म्हणाला होतात.

नीलांबरी_न
तुमची भांडणं नंतर. ३० मीटर आणि १०० मीटरची वेळ त्यांच्याकडे लिहिलेली आहे, मुलगी म्हणते ती बॅचमध्ये दुसरी आहे. हे आधी सांगायला हवं होतं का?

प्रयोगवही
ताई!!

सिन्नरकर
हे पहिल्या ओळीत हवं होतं! वही उघडायला सांगा, दोन्ही पानं समोरासमोर ठेवा आणि विचारा की स्टॉपवॉच खरं की पट्टी. भागाकाराचं हुकमी पान खिशात ठेवा, अडले तरच काढा. आणि बोलताना आवाज चढवू नका, पोरीला रोज त्यांच्यासमोरच पळायचंय.

प्रयोगवही
एवढं मान्य. फक्त "बाकीच्या मुलींचंही वेळेवरूनच ठरवा" हे एक वाक्य जोडा, तुमचं काही जात नाही.

नीलांबरी_न
बघते. सर तापट आहेत. मिस्टरांना पाठवू का? ते शांत बोलतात.

सुलूमावशी
दोघं जा. आणि जवस भाजूनच घ्यायचं बरं का, कच्चं नको.

डोंबिवली_फास्ट_लोकल
उशिरा वाचलं. वरती व्हर्निअर कॅलिपर म्हटलंय तो डिजिटल घ्यावा की साधा? मला नळाचे वॉशर मोजायला हवाय.