न्यूकमेनचा पाण्याचा थर वॅटने का सोडला?

गिरगाव_लेथ
न्यूकमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनात पिस्टनला चामड्याची चकती आणि वर पाण्याचा थर असायचा. इतकी सोपी युक्ती वॅटने का टाकली? प्रात्यक्षिकासाठी मॉडेल करायचं आहे: पितळी सिलिंडर, ४० मिमी बोअर (आतलं भोक), वाफेचा दाब गेजवर १.५ बार. चामडं चालेल?

परळ_टर्नर
न्यूकमेनचा सिलिंडर वरून उघडा होता आणि प्रत्येक फेरीला आत थंड पाणी मारून वाफ विरवायचे, म्हणजे आत निर्वात व्हायचा. सिलिंडर गार होणारच होता, त्यामुळे पिस्टनवर पाणी असल्याने काही बिघडत नसे. फटीतून हवा जाण्याऐवजी थोडं पाणी झिरपायचं, आणि निर्वात टिकायचा. २१ इंची सिलिंडर तेव्हा आजच्यासारखा गोल नसायचा, म्हणून असं सांभाळून घेणारं सील लागायचं.

वॅटने वेगळा कंडेन्सर (वाफ गार करणारं भांडं) काढला तो सिलिंडर सतत गरम राहावा म्हणून. तिथे झिरपलेल्या पाण्याची लगेच वाफ होणार, म्हणजे निर्वातही गेला आणि उष्णताही. मग चरबीत भिजवलेली हेम्पची (तागासारख्या धाग्याची) वेणी आली. पण माझ्या मते खरा फरक पडला तो विल्किन्सनच्या बोरिंग मशीनने (१७७४-७५). कटरचा दांडा दोन्ही टोकांना टेकवल्यामुळे बोअर सरळ आला. वेडावाकडा बोअर कुठलंच पॅकिंग झाकत नाही.

माझगाव_फिटर
चामडं नको. १.५ बारला वाफ १२७ अंशांवर असते. ओलं चामडं आकसून कडक होईल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ग्रॅफाइटची चौकोनी ग्लँड पॅकिंग (दोरीसारखं सील) मागा, ४ मिमी. पिस्टन ३९.८ मिमी, खाचेच्या तळाचा व्यास ३२ मिमी. दोन वेढे, टोकं ४५ अंशात कापलेली, दोन वेढ्यांचे सांधे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. वरची चकती स्क्रूने काढता येईल अशी ठेवा, जुन्या इंजिनांतल्या जंक रिंगसारखी. झीज झाली की तिनेच थोडं आवळायचं.

जास्त मात्र आवळू नका. पिस्टनवर जोरच जेमतेम १९ किलोचा, तो घर्षणातच जाईल. स्टीम सिलिंडर ऑइल लावून पिस्टन हाताने सरकला पाहिजे.

गिरगाव_लेथ
धातूची रिंगच घातली तर?

परळ_टर्नर
घाला, पण बोअर होन केलेला (बारीक घासून गुळगुळीत केलेला) हवा. कार्टराइटने १७९७ मध्येच स्प्रिंगवर दाबलेले धातूचे तुकडे वापरले होते. १८५० च्या दशकात रॅम्सबॉटमने वेगळी स्प्रिंगच काढून टाकली: रिंग बोअरपेक्षा मोठी वळवायची, एका ठिकाणी चिरायची, दाबून आत घालायची. तिच्याच ताणाने ती भिंतीला चिकटून राहते. चिरेत उष्णतेने फुगायला जागा सोडा, नाहीतर टोकं भिडून रिंग अडकते आणि बोअरवर ओरखडे पडतात.