नोटीस ९० दिवसांची, पण कंपनी म्हणते 'आजच लॅपटॉप द्या': उरलेला पगार कोणाचा?

कलमदान
पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस आता सर्रास झाली आहे. कर्मचारी राजीनामा देतो, पूर्ण नोटीस भरायची तयारी दाखवतो आणि दहाव्या दिवशी मेल येतो: आज तुमचा शेवटचा दिवस. मग उरलेल्या ८० दिवसांचं काय? तो लवकर गेला असता तर कंपनीने दिवसागणिक पैसे कापून घेतले असते. हाच न्याय उलटाही लागायला हवा. माझ्या मते राजीनाम्यातल्या तारखेआधी बाहेर काढणं ही कंपनीने केलेली सेवासमाप्ती आहे. तिचा मोबदला कंपनीनेच मोजायला हवा.

एचआर_खिडकी
'सेवासमाप्ती' म्हणणं फारच ताणलेलं वाटतं. नोटीस असते ती बदली माणूस शोधायला आणि काम समजावून द्यायला, म्हणजे कंपनीच्या सोयीसाठी. सोय ज्याची, ती सोडायचा हक्कही त्याचाच. बहुतेक नेमणूकपत्रांत स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनी आपल्या मर्जीने आधी मोकळं करू शकते. स्पर्धक कंपनीत निघालेल्या माणसाच्या हाती क्लायंटचा डेटा आणि सोर्स कोड आणखी ८० दिवस का ठेवायचा? शिवाय जो कामावर नाही त्याला पगार कसला?

कलमदान
डेटाची भीती असेल तर अॅक्सेस बंद करा आणि घरी बसवा, पण पटावर ठेवा. गार्डन लीव्ह त्यासाठीच असते. 'काम नाही तर दाम नाही' हे इथे चालत नाही. माणूस काम करायला तयार असताना मालकानेच लांब ठेवलं, तर हा नियम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या जानकीरामन निकालात म्हटलं आहे.

तालुका_कोर्ट
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. सगळं नेमणूकपत्रातल्या वाक्यावर ठरतं, आणि ती वाक्यं साधारण तीन प्रकारची असतात.

'दोन्हींपैकी कोणीही ९० दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन करार संपवू शकतो' असं असेल, तर कंपनीला लवकर मोकळं करता येतं, पण पैसे मोजून. इथे वाद जवळजवळ नाहीच.

'कंपनी आपल्या मर्जीने आधी मोकळं करू शकते', आणि पगाराबद्दल चकार शब्द नाही. खरी मारामारी इथे आहे. लवकर मोकळं करायचा अधिकार आहे म्हणून फुकट मोकळं करायचा अधिकारही आहे, असं त्या वाक्यातून आपोआप निघत नाही.

तिसरं, 'आधी मोकळं केल्यास शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतचाच पगार मिळेल'. यावर सही केली असेल तर मॅनेजर पातळीवरच्या माणसाची बाजू लंगडी पडते.

एचआर_खिडकी यांच्या 'सोय ज्याची' या मुद्द्याला उत्तर म्हणजे पंजाब नॅशनल बँक विरुद्ध पी. के. मित्तल, १९८९. अधिकाऱ्याने जानेवारी १९८६ मध्ये राजीनामा दिला, लागू होण्याची तारीख ३० जून. बँकेने फेब्रुवारीतच 'तात्काळ स्वीकारला' म्हणून मोकळं केलं. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा मागे घेतला. नोटीस कमी करायचा अधिकार बँकेच्या नियमांत होता, तरी कर्मचाऱ्याने मागितल्याशिवाय तो वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. राजीनामा मागे घेणंही वैध ठरलं.

एचआर_खिडकी
ती सरकारी बँक होती आणि तिचे सेवानियम कायद्याने बांधलेले. खासगी कंपनीला हा निकाल जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सहसा जबरदस्तीने चालू ठेवत नाही, फार तर नुकसानभरपाई देतं.

तालुका_कोर्ट
कबूल. खासगीत 'परत कामावर घ्या' हे मॅनेजरला मिळत नाही. पण ती नुकसानभरपाई म्हणजे साधारणतः नोटीशीच्या काळाचा पगारच. फिरून मुद्दा तिथेच येतो.

हिशेबनीस
कायदा तुम्ही बघा, मी आकडे मांडतो. महिना ग्रॉस १,००,०००, त्यात बेसिक ५०,०००. उरलेले ८० दिवस, महिना ३० दिवसांचा धरून: ग्रॉसवर २,६६,६६७ आणि बेसिकवर १,३३,३३३. पत्रात नुसतं 'पगार' लिहिलं की अकाउंट्सवाले देताना बेसिक धरतात आणि वसूल करताना ग्रॉस! त्यामुळे वसुलीचं कलम (तुम्ही लवकर गेलात तर पैसे कापायचं) कशावर मोजलं आहे ते आधी वाचा आणि तेच मोजमाप मागा.

दुसरी गळती ग्रॅच्युइटीत होते. दर पूर्ण वर्षामागे शेवटच्या वेतनाचे १५/२६, म्हणजे इथे बेसिक ५०,००० धरून २८,८४६. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. राजीनाम्याच्या दिवशी सेवा ७ वर्षं ५ महिने असेल तर ९० दिवसांनी ती ७ वर्षं ८ महिने होते, म्हणजे ८ वर्षांची ग्रॅच्युइटी. दहाव्या दिवशी पैसे देऊन मोकळं केलं की ७ च वर्षं. गार्डन लीव्हमध्ये मात्र सेवा चालू राहते. म्हणून 'पैसे मिळाले ना' एवढ्यावर समाधान मानू नका. पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा तर अख्खा हक्कच जाऊ शकतो. ३१ मार्चला पटावर असेल त्यालाच बोनस, अशी अट असेल तर तिथेही हीच गत. ग्रुप मेडिक्लेमही बहुतेक ठिकाणी शेवटच्या तारखेलाच संपतो.

सही_करण्याआधी
प्रत्यक्षात माणसं हरतात ती पोर्टलवरच्या एका ड्रॉपडाउनमुळे. एचआर फोनवर सांगतं, 'सिस्टिममध्ये अर्ली रिलीजची रिक्वेस्ट टाका, म्हणजे पटकन होईल'. ती टाकली की कागदावर विनंती तुमची ठरते, आणि मित्तलचा निकाल तुमच्या काही कामाचा राहत नाही. टाकू नका. त्याच दिवशी मेल करा: 'माझ्या राजीनाम्यानुसार शेवटची तारीख अमुक आहे. तोपर्यंत काम करण्यास मी तयार आहे. आज मोकळं करण्याचा निर्णय कंपनीचा असून माझी तशी विनंती नाही. उरलेल्या दिवसांचा पगार हिशेबात धरावा.' प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा, कारण ऑफिसचा मेल तासाभरात बंद होतो. पगाराच्या स्लिपा, रजेची शिल्लक आणि नेमणूकपत्र राजीनामा देण्याआधीच उतरवून घ्यावं. कंपनीचा डेटा मात्र नाही, नाहीतर तुमच्यावरच उलटेल. रिलीव्हिंग लेटरमध्ये 'आपल्या विनंतीनुसार' असं आलं तर लगेच लेखी हरकत घ्या. फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) पावतीवर 'हरकत राखून' लिहून सही करा.

एचआर_खिडकी
आणि असं भांडून नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये काय उत्तर मिळेल, याचाही विचार करा. दोन लाखांसाठी रिलीव्हिंग लेटर अडकलं तर?

तालुका_कोर्ट
ही भीती खरी आहे, आणि कंपन्यांचा जोरही तिच्यावरच असतो. म्हणून क्रम सांभाळा: आधी तो तयारीचा मेल, मग रिलीव्हिंग लेटर हातात, मग मागणी. घाई नाही, वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

केलेल्या कामाच्या दिवसांचा पगार वेतन संहितेप्रमाणे (पगाराबद्दलचा केंद्रीय कायदा) राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे आणि मॅनेजरही तिच्या कक्षेत येतात. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' हे त्या रकमेपुरतं चालत नाही. नोटीशीचे पैसे मात्र वादाचेच राहतील. 'कामगार' या व्याख्येत बसत असाल तर कामगार आयुक्त कार्यालय आणि तिथून पुढे औद्योगिक न्यायाधिकरण. व्यवस्थापकीय काम किंवा १८,००० च्या वरच्या पगाराचं सुपरवायझरी काम असेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी कोर्ट. सॉफ्टवेअर इंजिनिअर कुठे बसतो हे पदनामावर ठरत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करतो त्यावर ठरतं.

कलमदान
म्हणजे वसुली कंपनी पगारातून परस्पर करते आणि कर्मचाऱ्याने कोर्टात जायचं. 'दोन्हींपैकी कोणीही' हे शब्द ऑफर स्वीकारतानाच मागून घ्यावेत, हे उत्तम.

एचआर_खिडकी
मागा की. सिनियर पदांवर देतातही. फ्रेशरला नाही मिळणार, दोनशे पत्रं एकाच टेम्प्लेटमधून निघतात.