फुकट डिझाईन करून देताना नेमकं थांबायचं कुठे?

शाईचा_थेंब (फोंडा)

नमस्कार सगळ्यांना. पणजीतल्या आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून अप्लाईड आर्ट करून मला दोन वर्षं झाली, सध्या घरूनच फ्रीलान्स करते. आमच्या देवळाच्या जत्रेचं हँडबिल आणि नाटकाचा बॅनर मी बारावीत असल्यापासून करते, एक पैसा घेतला नाही आणि घ्यावासा वाटलाही नाही. भटक्या कुत्र्यांना घर शोधून देणारा एक ग्रुप आहे, त्यांची पोस्टर्सपण आवडीने करते. पण गेल्या महिन्यात एका कार्यक्रमवाल्यांनी मला 'व्हॉलंटियर डिझायनर' म्हणून घेतलं. तिकीट लावून कार्यक्रम आहे, स्पॉन्सर आहेत, आणि माझ्याकडून लोगो, स्टेजचा बॅकड्रॉप, इन्स्टाच्या २२ पोस्ट असं सगळं करून घेतलं. लोगो सात वेळा बदलला, दर वेळी फोन करणारा माणूस वेगळा आणि त्याचं मत वेगळं. आता ओपन फाईल, म्हणजे ज्यात कुणीही हवे ते बदल करू शकतो ती मूळ फाईल, मागतायत. पैशाचं विचारलं तर म्हणाले सगळेच व्हॉलंटियर आहेत, तुझं नाव होईल. आई म्हणते देऊन टाक, ओळखीची माणसं आहेत. मला खरंच कळत नाहीये, देवळाचं फुकट करते तर यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

छापखाना_म्हापसा

बाय, माझी तीस वर्षं छपाईत गेली म्हणून सांगतो. तू जत्रेचं नाटक बघ ना. आपल्या गावातले नट फुकट काम करतात, उलट स्वतःच्या खिशातली वर्गणी घालतात, महिनाभर रात्रीच्या तालमी करतात. पण त्याच नाटकात बाहेरून आणलेल्या नटीला मानधन असतं, ड्रेपरीवाल्याला, मेकअपवाल्याला, साऊंडवाल्याला पैसे द्यावे लागतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गावचा माणूस फुकट राबतो कारण देव त्याचा, नाटक होतं ती जागा म्हणजे मांड त्याचा, उद्या तक्रार करायची असली तर कमिटीत उभं राहून तो बोलू शकतो. तुझ्या त्या कार्यक्रमात तू गावची आहेस का बाहेरची, एवढंच स्वतःला विचार. तिथे तुला कोण विचारतं? आणि आणखी एक बघ, फ्लेक्सवाला चौरस फुटाचे पैसे घेतो, मंडपवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही. मग सगळेच व्हॉलंटियर कसे? आमच्याकडे छापायला येणारे लोक पैसे मोजून देतात आणि डिझाईन मात्र 'एका पोरीने करून दिलं' म्हणतात, हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं.

मडगावची_वकील

ओपन फाईल देऊ नकोस, निदान अजून. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे. तू त्यांची नोकर नाहीस, त्यामुळे कलम १७ प्रमाणे लोगोची पहिली मालक तूच. हक्क त्यांना द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुझी सही असलेलं पाहिजे, फोनवर 'हो घ्या' म्हटलं म्हणजे हक्क गेले असं होत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. आणि हक्क दिलेस तरी ते काम माझं आहे असं सांगायचा अधिकार कलम ५७ खाली तुझ्याकडेच राहतो, म्हणजे 'तुझं नाव होईल' ही काही त्यांनी केलेली मेहेरबानी नाही. कुत्र्यांच्या ग्रुपलापण दोन ओळींचा ईमेल करून ठेव, कुठे वापरायचं, किती दिवस. प्रेमाच्या कामातसुद्धा कागद असला की प्रेम टिकतं, मी भांडणं बघितलीयत म्हणून सांगते.

सत्तरीची_माती

मी दुसऱ्या बाजूने बोलते, आम्ही एक छोटा ट्रस्ट चालवतो, मुलांसाठी वाचनालय आहे, आणि आमच्याकडे डिझाईनला खरंच पैसे नसतात. ज्यांनी फुकट करून दिलं त्यांचं ऋण आहे आमच्यावर. पण चूक आमचीही होते, फुकट आहे म्हणून आम्ही मजकूर शेवटच्या रात्री पाठवतो, पाच जण पाच बदल सांगतात, आणि पैसे मोजले असते तर हे केलं नसतं. मागच्या वर्षी एका मुलाने आम्हाला पूर्ण रकमेचं बिल बनवून पाठवलं आणि खाली तेवढीच सूट दाखवली, देय शून्य. त्यावर लिहिलं होतं, बदल दोनदाच, बोलायला एकच माणूस. ते बिल कमिटीत वाचलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की कुणीतरी आपल्याला किती दिलंय. तेव्हापासून बोलायला मी एकटीच असते. आणि करात सवलत मिळेल असं कुणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, देणगीवरची करसवलत, ८०जी म्हणतात ती, पैशाच्या देणगीला आहे, केलेल्या कामाच्या किमतीला नाही.

रेघ_आणि_रंग

थोडं वेगळं मत. फुकट वाईटच असं नाही. देवनागरीत काम करणारे आपण सगळे मुक्ता फॉन्ट वापरतो, तो मुक्त परवान्यावर आहे, पण कुणी कसा वापरायचा ते देणाऱ्यांनी स्वतः ठरवून दिलं. स्पर्धासुद्धा तशीच, रुपयाच्या चिन्हासाठी हजारो लोकांनी एंट्री पाठवल्या, २०१० मध्ये उदय कुमारचं चिन्ह निवडलं आणि अडीच लाखांचं बक्षीस मिळालं, बाकीच्यांची मेहनत गेली, पण नियम आधी माहीत होते. तुझ्या बाबतीत नियम रोज बदलतायत, तेच खुपतंय. 'उद्या काम देतील' हे मात्र सोड, ज्यांना मी फुकट करून दिलं ते पुढच्या वेळी फुकटच मागायला आले, पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पणजीतल्या एजन्सीकडे गेले.

शाईचा_थेंब (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार, छापखानावाल्या काकांचं वाचून रडायलाच आलं. काल मेसेज केला, की झालेलं काम या वर्षीच्या कार्यक्रमापुरतं वापरा, पोस्टवर माझं नाव टाका, ओपन फाईल आणि पुढचं काम हवं असेल तर हे माझे दर. निळी टिक आलीय, उत्तर नाही. आईला बिलाची गोष्ट वाचून दाखवली, ती म्हणाली जत्रेचंपण असं बिल कर आणि देवासमोर ठेव. ते करणार आहे. आता हँडबिलला बसते, नाटकाची वेळ बदललीय आणि कमिटीचे भाऊ सकाळी फाईल न्यायला येतायत.