पाण्याच्या बाटलीवरच्या रेघा

आजारपणात नवरा-बायको जवळ येतात, असं म्हणतात. येतात, पण सरळ रस्त्याने नाही. ह्यांचं डायलिसिस (किडनीचं रक्त गाळायचं काम मशीनने करून घेणं) आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेला ४ तास. नेरूळहून वाशीला रिक्षाने जायचं-यायचं ते वेगळंच. अंगात साठू नये म्हणून पाणी मोजून. बाटलीवर मी मार्करने रेघा मारल्या होत्या, चहाही त्यातच धरायचा. मे महिन्यात ह्यांनी चोरून बर्फ चोखला आणि मी शाळेतल्या पोराला ओरडावं तशी ओरडले. (बायको कसली, वॉर्डनच झाले होते!) दोन दिवस अबोला. आता रेघा हेच मारतात. माझी चिडचिड मात्र उरलीच. शेवटी १४४१६ला, सरकारच्या टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.