हॅलिमेडाच्या चकत्या पांढऱ्या दिसत आहेत, काय करावे?

प्रश्न
माझ्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दीड महिन्यापासून हॅलिमेडाचे (चपट्या चकत्यांची साखळी असलेले, चुना साठवणारे हिरवे समुद्री शेवाळ) झुडूप आहे. नव्या चकत्या नियमित फुटत होत्या, परंतु आज पहाटे दिवे लागण्यापूर्वी वरच्या पाच-सहा चकत्या पांढुरक्या दिसल्या. तापमान २६ अंश, कॅल्शियम ३६० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ६.५ डीकेएच (ती मोजण्याचे अंश). झुडूप काढून टाकावे का?

उत्तर १
घाई करू नका. रात्री हे शेवाळ आपली हरितलवके (पेशीतले हिरवे कण) पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि नवी चकतीही रात्रीच, पांढरी अशीच, फुटते. त्यामुळे दिवे लागून दोन तास झाल्यावर पुन्हा पाहा. खरी चिंता वेगळ्या लक्षणाची करावी. चकत्यांच्या कडांवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे दाणे घोसाने लगडलेले दिसले, तर झुडूप प्रजननाला लागले आहे असे समजावे. त्याच्या शरीरात पेशींना विभागणारे आडपडदे नसल्याने आतले सारे द्रव्य युग्मकांत (प्रजननपेशींत) रूपांतरित होऊन पहाटे बाहेर पडते आणि मागे केवळ चुन्याचा पांढरा सांगाडा उरतो. माझ्या टँकमध्ये असे झाले, तेव्हा पाणी हिरवट गढूळ झाले होते. दाणे दिसताच झुडूप बाहेर काढावे; पाणी गढूळ झालेच तर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे उपकरण) आणि हवा जोरात चालू ठेवून थोडे पाणी बदलावे.

आपले आकडे मात्र कमी आहेत. चकत्यांतला चुना ॲरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) असतो, म्हणून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही खर्च होतात. कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्कलिनिटी ८ ते ९ असू द्या, पण अल्कलिनिटी दिवसाला एका अंशाहून अधिक वाढवू नका. त्याआधी मॅग्नेशियम तपासा. ते १२५० च्या बरेच खाली असेल, तर बाकीचे दोन्ही टिकत नाहीत. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी वाढवणारी दोन्ही द्रावणे एकदम एकाच जागी ओतू नका, पाणी दुधाळ होऊन चुना तळाशी बसतो.

उत्तर २
मुळाशी कांद्यासारखा गड्डा असलेली जात असेल, तर तो रेतीत पूर्ण गाडावा. छाटणी करताना चकती मधोमध कापू नये; सांध्यावर मोडावी.

प्रश्नकर्ता
दोन तासांनी पाहिले. चार चकत्या हिरव्या झाल्या, दोन अजून फिकट आहेत. दाणे कुठेही नाहीत. मॅग्नेशियम ११८० भरले, त्यामुळे आज सुरुवात तिथूनच करतो आहे.